वाळत घालणं

पहाटे चारला पाणी येतं, चाळीस मिनिटं.
आधी पिंप, मग दोन बालद्या, मग कळशी,
मग हाताला लागेल ते भांडं.
कुंदाने शिकवलेला क्रम.
सुरुवातीला मी टोप भरत बसायचो
आणि पिंप कोरडं.

साडेपाचच्या बसने ती वेर्ण्याला जाते,
गोळ्यांची पाकिटं तपासायला.
दारातून सांगते: तारले मिळाले तर घे,
बांगड्याच्या वाटेला जाऊ नकोस,
पोराच्या शर्टाचं बटण.
बटण काय, ते सांगत नाही. बस हॉर्न देते.

एकवीस वर्षं मी धक्क्यावर होतो,
बोटीच्या पोटातून कोळसा उपसणाऱ्या
क्रेनच्या खाली.
मग कंबरेतला एक मणका सरकला
आणि त्याच्यामागून मी सरकलो
मांगोर हिलच्या ह्या दीड खोलीत.

आता खिडकी पुसतो.
उठल्यावर, जेवणाआधी, दिवे लागताना.
तुळशीचं पान काळं, देवाच्या तसबिरीची काच काळी,
मिठाच्या बरणीचं झाकण,
झोपलेल्या पोराच्या नाकपुड्या.
ओळखीची पूड आहे.
मीच ती घरी आणायचो, कॉलरमधून, कानांतून,
आणि कुंदा न्हाणीच्या दगडावर
आपटून आपटून काढायची.
किती वेळ लागतो, कधी विचारलं नाही.

बराच लागतो.

तारले साफ करताना विळीने बोट धरलं,
तेव्हा समोरच्या गॅलरीतून फिलू ओरडली,
'शांबा, शेपटाकडून खरवड, शेपटाकडून!'
खालच्या नळावर बायका हसल्या.
लमाण्यांची सोमली तर घागर टेकवून हसली.
आठवडाभर मी तोंड चुकवून पाणी भरलं.

पण एक गोष्ट मला येते, त्यांना येत नाही.
गच्चीवरून मी बंदराकडे बघतो.
क्रेनची मान कुठे वळलीय,
ताडपत्री ओढलीय की नुसती टाकलीय,
वारा वायव्येचा की जमिनीवरचा,
आणि सांगतो: आज बोट लागलीय, कपडे आत.
किंवा: अकरापर्यंत घाला, मग काढा.
सगळ्या मजल्यांवरच्या दोऱ्या
माझ्या शब्दावर भरू लागल्या, रिकाम्या होऊ लागल्या.
धक्क्यावर माझं कोणी एवढं ऐकलं नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी मी म्हटलं, घाला.
बिनधास्त घाला.

बोट रात्रीच लागली होती. मला दिसली नाही.
तीन वाजता वारा फिरला.
चादरी, लंगोट, नर्सबाईंचे युनिफॉर्म,
फिलूच्या नातीचा पहिल्या कम्युनियनचा झगा,
बाह्यांना जाळी, कमरेला सॅटिनची फीत,
सगळं राखाडी. सोमलीचा घागरा तेवढा
आरसे मिरवत तसाच झुलत होता.

कोणी काही बोललं नाही.
एखादी शिवी आली असती तर बरं झालं असतं.

मी जाऊन दोरीवरचा झगा काढला.
फिलूने नको म्हटलं, मग सोडून दिला.
पाणी फक्त पिंपातलं, उद्याचं.
साबण, लिंबू, पुन्हा साबण.
जाळी चोळायची नाही, दाबायची,
हे कुंदाने न्हाणीच्या दारातून सांगितलं,
कामावरून आलेली, चप्पलसुद्धा न काढता.
मग तिनेच एक बाही घेतली. मी दुसरी.
निळीचे दोन थेंब. रात्री पंख्याखाली,
खुर्चीच्या पाठीवर तो झगा बसून राहिला
पाहुण्यासारखा.
फितीवर एक डाग राहिला. तो अजून आहे.

रविवारी आम्ही उसन्या पाण्यावर काढला.

सोमवारी जिन्यात फिलू, हातात ओल्या कपड्यांची बालदी.
'शांबा, आज बोट आसा रे?'

मी गच्चीचा जिना चढतो.
कंबर दुखते.
वर उभा राहून बराच वेळ बघतो.
ती खाली थांबून असते,
बालदी ह्या हातातून त्या हातात घेत.